कुत्र्याची लूत आणि फवारणीचा डबा



आजची नोंद कापसाची नाही, तुरीची नाही आणि बाजारभावाची पण नाही. आज कुत्र्याबद्दल लिहितोय. पावसाळा लागला की वस्तीवस्तीवरची कुत्री अंग खाजवायला लागतात. भिंतीला घासतात, मातीत उताणी लोळतात, रात्रभर कान फडफडवतात. थोड्या दिवसांनी केस जातात, कातडी आधी लाल, मग काळी आणि जाड होते. आपण म्हणतो, "लूत लागली." आणि लूत लागली म्हटलं की बहुतेक ठिकाणी दोनच गोष्टी होतात. एक तर कुत्र्याला दगड मारून हाकललं जातं, नाहीतर शेतातल्या खोलीत जे हाताला लागेल ते त्याच्या अंगावर ओतलं जातं.

माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. पिकावरचं औषध, गाडीचं जळकं ऑइल आणि गाईचं इंजेक्शन, ह्या तिन्ही गोष्टी आपल्या हातानं कुत्र्यावर वापरणं बंद झालं पाहिजे. नुसतं भूतदया म्हणून सांगत नाही. कीड ओळखल्याशिवाय फवारणी करू नका, हे आपण एकमेकांना रोज सांगतो. मग कुत्र्याच्या बाबतीतच ही अक्कल गहाण का ठेवायची?

एक बादली आणि एक टोपण

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या शिवारात एका वस्तीवर चांगलं राखणीचं कुत्रं होतं. रानडुकरं त्याच्या आवाजानं भुईमुगात यायची नाहीत. त्याला लूत लागली. मालक माझ्यापेक्षा मोठे, आम्ही त्यांना तात्या म्हणतो. तात्यांनी क्लोरपायरीफॉसचं पाणी करून कुत्र्याला सकाळी आंघोळ घातली. दुपारी मला फोन आला. मी गेलो तेव्हा कुत्र्याच्या तोंडातून लाळ गळत होती, पाय लटपटत होते, सगळं अंग थरथरत होतं.

मी विचारलं, "तात्या, किती टाकलं होतं?"

"बादलीला एकच टोपण रे. दुकानदारानंच सांगितलं, कुत्र्याला पण हेच चालतंय म्हणून."

डॉक्टर दुसऱ्या गावाला एका अडलेल्या म्हशीकडं गेले होते. ते येईपर्यंत कुत्रं गेलं. तात्या वाईट माणूस नाही. कुत्र्याचं बरं व्हावं म्हणूनच त्यांनी ते केलं. दुकानदारानं पण काही जाणून मारलं नाही. पण दुकानाच्या काउंटरवर "हेच चालतंय" हे वाक्य इतकं सहज बोललं जातं की त्यामागं एक जीव आहे हे कुणाच्या डोक्यात येत नाही.

नाव एकच, औषध एक नाही

हा गैरसमज कुठून येतो ते मला कळतं, कारण त्यात थोडं खरं आहे. आपण पिकाला जी औषधं मारतो आणि डॉक्टर कुत्र्याला जी देतात, त्यांची घराणी पुष्कळदा एकच असतात.

बघा. कपाशीवर मावा-तुडतुड्याला आपण इमिडाक्लोप्रिड मारतो. कुत्र्याच्या मानेवर पिसवांसाठी जे थेंब टाकतात, त्यातल्या काहींमध्ये इमिडाक्लोप्रिडच असतं. उसात-भातात खोडकिडीला आपण फिप्रोनिल दाणेदार टाकतो, आणि गोचिडांच्या थेंबांत पण फिप्रोनिल असतं. बोंडअळीला आणि मक्यातल्या लष्करी अळीला जे इमामेक्टिन मारतो, ते आणि लुतीवरचं आयव्हरमेक्टिन एकाच घराण्यातली. हे घराणं जपानमधल्या मातीत सापडलेल्या एका जिवाणूपासून निघालं. त्या शोधासाठी सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ साली नोबेल मिळालं. अलीकडं भाजीपाल्यातल्या थ्रिप्सला फ्लुक्सामेटामाइड आलंय. कुत्र्याच्या गोचिडांवरची जी महाग गोळी येते, ती पण त्याच गटातली.

मग कुणी म्हणेल, नाव एक आहे तर मारायला काय हरकत? हरकत तीन ठिकाणी आहे.

पहिली, डब्यात नुसतं औषध नसतं. ई.सी. म्हणून जे येतं त्यात औषध विरघळवणारं द्रावण असतं, पाण्यात मिसळावं म्हणून लागणारा घटक असतो. ते पानावर पसरायला आणि पानात शिरायला बनवलेलं असतं. खाजवून खाजवून सोललेल्या कातडीवर ते आग करतं आणि विष आत न्यायला मदत करतं. कुत्र्यासाठीच्या थेंबांतलं द्रावण कुत्र्याच्या कातडीचा विचार करून निवडलेलं असतं.

दुसरी, मापं वेगळी. आपली मापं एकराची आणि पंपाची. इमामेक्टिन ५ टक्के एकराला ८० ग्रॅमच्या आसपास जातं. जनावराचं माप किलोमागं मिलिग्रॅममध्ये, कधी त्याच्याही हजाराव्या भागात. टोपण हे माप दोन्हीकडं चालत नाही, पण पिकात एखाद्या वेळी खपून जातं. कुत्र्यात खपत नाही.

तिसरी, कपाशी स्वतःला चाटत नाही. कुत्रं चाटतं. अंगावर ओतलेलं अर्धं-मुर्धं त्याच्या पोटात जातं. कातडीतून शिरलेलं वेगळंच.

कातडीतून विष जातं हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीची विषबाधा होऊन २० हून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. तेव्हापासून मोजे घाला, मास्क घाला, वाऱ्याच्या दिशेनं फवारा, असं आपण मजुरांना सांगतो. ज्या पाण्याचा हात आपण साबणानं दोनदा धुतो, त्याच पाण्यात १५ किलोचं जनावर बुडवतो. ह्याचा मेळ कसा लावायचा?

कृषी पदवीधर मित्रांना एक सांगणं. लेबल क्लेमबद्दल तुम्ही आम्हाला नेहमी सांगता. डब्यावर ज्या पिकाचं नाव नाही त्यावर मारू नका म्हणता. त्या यादीत कुत्र्याचं नाव कुठल्याच डब्यावर नाही. हे पण एकदा मेळाव्यात बोला.

जळकं ऑइल आणि गाईचं इंजेक्शन

जळक्या ऑइलचं लोक सांगतात की "आमच्या आज्यापासून लावतोय, गुण येतो." गुण कसा दिसतो ते सांगतो. ऑइलनं कातडीवर थर बसतो, काही किडे गुदमरतात, खपल्या मऊ होऊन पडतात. बघणाऱ्याला वाटतं लूत गेली. पण इंजिनातून निघालेल्या ऑइलमध्ये झिजलेल्या धातूचा अंश असतो, जळलेले घातक घटक असतात. कुत्रं चाटतं, उलट्या होतात, लिव्हर-किडनीवर भार येतो. कातडी भाजल्यासारखी होते ती वेगळी. रॉकेल, फिनेल, बॅटरीचं पाणी, डीडीटीची पावडर, सगळ्यांना हाच न्याय.

गाईच्या इंजेक्शनचं थोडं वेगळं आहे. आयव्हरमेक्टिन डॉक्टर लुतीला वापरतात हे खरं. पण गाईचं १ टक्क्याचं इंजेक्शन ५० किलो वजनाला १ मिली अशा हिशोबानं बनवलेलं असतं. त्याच हिशोबानं १५ किलोच्या कुत्र्याचं माप येतं ०.३ मिली. सिरिंजवर दोन रेघा इकडच्या तिकडं झाल्या की डोस दीडपट होतो. त्यात कोली जातीची आणि मेंढरं राखणाऱ्या काही परदेशी जातींची कुत्री अशी असतात की त्यांच्या मेंदूत हे औषध अडत नाही, थेट शिरतं. जर्मन शेफर्डमध्ये पण काहींना हा दोष असतो. गावात आता ह्या जातींची मिसळ भरपूर झाली आहे. कुत्रं गावठी दिसतंय म्हणून त्याचं रक्त गावठीच असेल असं नाही. त्याला किती द्यायचं, द्यायचं की नाही, हे वजन, वय आणि जात बघून डॉक्टरनं ठरवायचं.

आधी ओळखा

"लूत" हा शब्द आपण फार ढिला वापरतो. खाजेची कारणं पाच-सात आहेत आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा. ओळखायला कुत्रं कुठं खाजवतंय ते बघायचं.

कमरेवर, शेपटीच्या बुडाशी खाजवत असेल, चावे घेत असेल, तर पिसवांचा संशय. तिथले काळे कण ओल्या पांढऱ्या फडक्यावर झटका. कण भोवती लालसर होऊन विरघळले तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. काही कुत्र्यांना पिसवांच्या लाळेचंच वावडं असतं. चार पिसवा असल्या तरी ते अंग फाडून घेतं.

कानाच्या कडा, कोपरं, पोट इथले केस जाऊन खपल्या धरल्या असतील आणि खाज रात्रंदिवस असेल, तर ती खरी लूत. हा किडा म्हणजे कोळीच. आपल्या वांग्या-मिरचीवरच्या लाल कोळ्याचा भाऊबंद, आठ पायांचा, फक्त डोळ्यांना न दिसणारा. मादी कातडीत बोगदा करून अंडी घालते. कानाची कड बोटांनी चोळली की कुत्रं आपोआप मागचा पाय हलवायला लागतं, ही एक खूण. पक्की नाही, पण उपयोगी. लाल कोळ्यावर साधं कीटकनाशक मारून उलट कोळी वाढतो हे आपण बघितलंय. इथं पण हाताला लागेल ते कीटकनाशक मारून भागत नाही.

लहान पिल्लाच्या डोळ्याभोवती, तोंडावर, पुढच्या पायांवर केस गेलेत पण खाज फारशी नाही, तर तो दुसऱ्या जातीचा कोळी. तो पिल्लात आईच्या दुधाच्या वयातच येतो आणि पिल्लू अशक्त झालं की डोकं वर काढतो. तो माणसाला लागत नाही. थोडा असला तर पुष्कळदा पोषण सुधारल्यावर आपोआप बसतो. सगळ्या अंगावर पसरला तर इलाज लांबतो.

गोल चट्टा, कडेला कोंडा, मधे केस तुटलेले, तर नायटा. तो बुरशीचा रोग आणि पोरांना लागतो.

डोकं झटकतंय, कानातून कॉफीच्या पुडीसारखी काळी घाण येते, तर कानातला कोळी किंवा कानाचा संसर्ग. कानात तेल ओतू नका, आतला पडदा फाटलेला असू शकतो.

पंजे चाटून चाटून तांबूस झालेत, काखा लाल आहेत, आंबट वास येतो, तर वावडं किंवा त्यावर वाढलेली बुरशी. पोटाखालच्या बिनकेसाच्या कातडीवरच लाली असेल तर ते कुठं बसतं-लोळतं ते बघा. गाजरगवतानं माणसाचं अंग उठतं तसं जनावराचंही उठू शकतं. ताज्या फवारणीच्या रानातून कुत्रं फिरून आलं तरी पंजे आणि पोट लाल होतात.

आणि ज्यांच्याकडं बिबट्याच्या भीतीनं कुत्र्याला खिळ्यांचा पट्टा बांधतात, त्यांनी आठवड्यातून एकदा तो काढून खाली बघावं. पट्ट्याखाली ओल राहते, गोचीड साठतात आणि जखम झाली तरी दिसत नाही. माशी बसली की अळ्या पडतात. दिवसा पट्टा काढून ठेवला तर फारच चांगलं.

हे सगळं वाचून पण पक्कं निदान आपण करायचं नाही. डॉक्टर ब्लेडनं कातडी थोडी खरवडतात, तेलाच्या थेंबात काचेवर ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. माती परीक्षण करून खत द्यायचं तसाच हा प्रकार. एखाद्या वेळी लुतीचा किडा काचेवर सापडत नाही, तरी लक्षणावरून डॉक्टर इलाज सुरू करतात.

निम्मा रोग कुत्र्यावर नसतोच

आपण कुत्र्याला औषध लावतो आणि पंधरा दिवसांनी म्हणतो, "औषध बोगस आहे." औषध बोगस नसतं, आपण कुत्र्यावरचीच कीड मारलेली असते.

पिसवेची एक मादी दिवसाला ४०-५० अंडी घालू शकते. ती केसांवरून गळून गोणपाटात, कडब्यात, जमिनीच्या भेगांत पडतात. अंगावर दिसणाऱ्या पिसवा म्हणजे सगळ्या फौजेचा शेकडा ५ च्या आसपास भाग. बाकी अंडी, अळी, कोष खाली पडलेले. कोष तर काही महिने गप्प बसू शकतो. गुलाबी बोंडअळीच्या कोषाचं गणित ज्याला माहीत आहे त्याला हे जास्त सांगायला नको.

गोचिडांचं पण असंच. गाईवरचा जो नेहमीचा गोचीड असतो तो लहानपणापासून मोठा होईपर्यंत एकाच जनावरावर राहतो. कुत्र्याचा तपकिरी गोचीड तसा नाही. तो रक्त पिऊन खाली पडतो, भिंतीच्या फटीत जाऊन कात टाकतो, परत कुत्र्यावर चढतो. असं तीनदा. शेवटी मादी फटीतच हजारोंनी अंडी घालते. म्हणून गोठ्याच्या भिंतीवर वर चढणारे गोचीड दिसतात. भिंतीच्या फटी लिंपा, चुना द्या, कुत्र्याची बसायची जागा दर आठवड्याला झाडा. गोणपाट उकळत्या पाण्यात घालून कडक उन्हात टाका, फार खराब असेल तर जाळा. जागेवर फवारायचं औषध पण डॉक्टरला विचारूनच घ्या, आणि जागा पूर्ण वाळेपर्यंत कुत्रं, कोंबड्या आणि पोरं तिकडं जाऊ देऊ नका.

गोचीड उपटताना चिमट्यानं किंवा हातात पिशवी घालून कातडीला लागून धरा आणि सरळ ओढा. बोटांनी चिरडू नका, बिडीनं चटका देऊ नका. काढलेले साबणाच्या पाण्यात टाका. गोचीड नुसती खाज आणत नाही, रक्तातला ताप पण आणतो. कुत्रं खात नाही, हिरड्या पांढऱ्या पडल्यात, नाकातून रक्त येतंय, असं दिसलं तर त्या दिवशीच दवाखाना.

लुतीच्या किड्याचं चक्र साधारण तीन आठवड्यांचं. म्हणून डॉक्टर एकदा औषध देऊन परत बोलावतात. आपण खाज थांबली की जात नाही. तिथंच घोळ होतो. आणि वस्तीवर तीन कुत्री असतील तर तिन्हींचा इलाज एका वेळी. एकाचाच केला तर ते बाकीच्या दोघांकडून परत घेऊन येतं.

घरी काय करता येतं

घरचं काहीच करू नका असं माझं म्हणणं नाही. खाज शमवायला घरचे उपाय चालतात. रोग मारायला त्यांच्यावर विसंबू नका, एवढंच.

कोमट पाण्यानं आंघोळ घाला. कपड्याचा सोडा, भांड्याची पावडर नको. माणसाचा साबण पण कुत्र्याच्या कातडीला मानवत नाही, ती कोरडी पडते आणि खाज वाढते. कुत्र्याचा साधा शाम्पू आणा. डॉक्टरनं औषधी शाम्पू दिला असेल तर तो लावून दहा मिनिटं थांबायचं असतं, लगेच धुतला तर पैसे पाण्यात. नंतर अंग नीट पुसा. पावसाळ्यात ओलं राहिलेलं कुत्रं म्हणजे बुरशीला आमंत्रण.

कडुनिंबाचा पाला उकळून गार केलेलं पाणी शेवटी अंगावर घातलं तर थोडा आराम पडतो. लूत त्यानं मरत नाही. कडुनिंबाचं किंवा करंजाचं तेल तसंच निखालस चोपडू नका, आग होते. कोरड्या खपल्यांवर थोडं खोबरेल चालतं. लाल, गरम झालेल्या जागी थंड पाण्याचं फडकं धरा. चाटणं थांबत नसेल तर तळ कापलेली प्लास्टिकची छोटी बादली गळ्याभोवती अडकवा, कड टोचणार नाही असं कापड लावून.

गंधक हा लुतीवरचा जुना उपाय आहे आणि खरा आहे, डॉक्टर आजही गंधकाची मलमं देतात. पण द्राक्षावर-भेंडीवर भुरीला मारायचं ८० टक्के गंधक म्हणजे ते मलम नव्हे.

मेडिकलमधून माणसाची खाजेची ट्यूब आणून लावू नका. त्यातल्या बऱ्याच ट्यूबांत स्टेरॉइड असतं. खाज दोन दिवसांत थांबते, आणि आत नायटा किंवा लूत असेल तर ती मोकाट सुटते.

"गोड खाल्लं म्हणून लूत लागली" हे गावात सगळे म्हणतात. गुळानं किडा जन्माला येत नाही. नुसत्या शिळ्या भाकरीवर राहणाऱ्या कुत्र्याची कातडी मात्र कमजोर होते. अधूनमधून उकडलेलं अंडं, थोडं मांस-मासळी, जंताची गोळी वेळेवर, एवढं केलं तर अंगात ताकद राहते.

विष लागलंच तर

कुणी तुमच्या कुत्र्यावर फवारणीचं औषध ओतलं, किंवा ते स्वतःच डब्यात तोंड घालून आलं, तर हे करा. हातात मोजे किंवा पिशव्या घाला. भांड्याच्या पातळ साबणानं आणि भरपूर पाण्यानं अंग धुवा. ह्या एका वेळी हाच साबण बरा, विष निघणं महत्त्वाचं. ऑइल काढायला रॉकेल लावू नका. उलटी व्हावी म्हणून मीठ-पाणी, तेल, तूप पाजू नका, फुफ्फुसात गेलं तर तेच मारतं. डबा किंवा त्याचं लेबल सोबत घ्या आणि लगेच डॉक्टर गाठा. लाळ, थरथर, बारीक झालेल्या बाहुल्या, जुलाब, झटके ही लक्षणं असतील तर एक-एक मिनिट मोलाचं. काही विषांवर उतारा आहे, पण कुठलं विष हे डॉक्टरला लेबलवरूनच कळणार.

घरात मांजर असेल तर आणखी एक. कुत्र्याच्या गोचिडांची काही औषधं, विशेषतः परमेथ्रिनची, मांजराला मारतात. कुत्र्याचे थेंब मांजराला कधीच लावू नका.

कुत्र्यावर एवढा खर्च?

हा प्रश्न मला कायम विचारला जातो. "बैलाचं ठीक आहे, पण कुत्र्यावर कोण खर्च करतं?"

त्याला माझं उत्तर असं. बैलाला आपण लाळ्या-खुरकुताची लस देतो. २०२२ मध्ये लंपी आला तेव्हा गाईच्या लसीसाठी रांगा लावल्या. कुत्रं मात्र कुठल्याच वहीत नाही. आपण त्याला विकत घेतलेलं नसतं, म्हणून त्याची किंमत शून्य धरतो. पण रात्री दारं धरायला गेलो की पुढं तेच चालतं. साप आधी त्यालाच दिसतो. मोटारीची केबल चोरीला जायची राहते ती त्याच्या भुंकण्यानं. एक रात्र डुकरांनी मक्यात घातली तर काय नुकसान होतं ते मला सांगायला नको.

आणि कुत्र्यापुरतं पण हे राहत नाही. लुतीचा किडा माणसाच्या अंगावर पण येतो. तो आपल्या कातडीत वंश वाढवत नाही, पण हातांवर, पोटावर पुरळ आणतो आणि रात्रभर खाजवत ठेवतो. नायटा तर पोरांना सरळ लागतो. कुत्र्याला कवटाळणारं घरातलं सगळ्यात लहान पोरच असतं. घरात दोन-तीन जणांना एकदम खाज सुटली तर माणसांच्या डॉक्टरला "घरात कुत्र्याला लूत आहे" हे सांगा. नाहीतर तुम्ही मलमं लावत बसाल आणि मूळ अंगणात बसलेलं असेल.

हाकलून देणं हा उपाय नाही हे पण ह्यातच आलं. हाकललेलं कुत्रं दुसऱ्या वस्तीवर जातं, तिथल्या कुत्र्यांना देतं, आणि तुमचं दुसरं कुत्रं त्यांच्यात मिसळून परत घेऊन येतं.

सोय अगदीच नाही असं नाही. गावोगावी पशुवैद्यकीय दवाखाने आहेत. १९६२ ह्या नंबरला फोन लावून विचारायला पैसे पडत नाहीत. परभणी, उदगीर, शिरवळ, नागपूर, मुंबईत परळ इथं पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, कातडीचा जुना हट्टी आजार तिथं दाखवता येतो. दवाखान्यात नेताना तोंडाला थोडा वेळ कापडी पट्टी बांधा, काय काय लावलंय ते खरं सांगा आणि त्याच फेरीत रेबीजची लस टोचून घ्या.

डॉक्टर लोकांना पण एक विनंती. आम्ही कुत्रं घेऊन आलो की काही ठिकाणी "गाय-म्हैस असेल तर बोला" असा चेहरा होतो. तो चेहरा बघून माणूस परत फिरतो आणि सरळ कृषी केंद्रात जातो. तुमच्याकडं माणसं कमी आहेत, कामं जास्त आहेत, मान्य. पण गावातली वीस-पंचवीस कुत्री एका सकाळी शाळेच्या मैदानावर आणली तर लूत, गोचीड आणि रेबीजची लस असं तिन्ही एकाच खेपेत होईल. कुत्री आणायची जबाबदारी आमची. ग्रामपंचायतीनं पत्र द्यावं, आमच्या गावात मी ते लिहून सरपंचांकडं देतोय.

आणि कृषी केंद्रवाल्या मित्रांनो, तुम्ही आमचेच आहात. कुणी कुत्र्यासाठी औषध मागितलं तर एवढंच म्हणा, "हे पिकाचं आहे, दवाखान्यात जा." दीडशे-दोनशे रुपयांचं गिऱ्हाईक जाईल, पण ते परत येईल तेव्हा तुमच्यावर भरवसा ठेवून येईल.

उद्या सकाळी धार काढून झाली की पाच मिनिटं काढा. कुत्र्याला जवळ घ्या, कान उलटून बघा, पट्टा काढून मान बघा, शेपटीच्या बुडाशी केस फिरवून बघा. काही दिसलं तर फोटो काढा आणि दवाखाना गाठा. फवारणीच्या खोलीला मात्र कुलूप राहू द्या.